एर्मूपोलीच्या पायरीवरचे गोड गहू

सकाळ उतरत होती, संगमरवरी सकाळ. ग्रीसमधल्या सिरोस बेटावरच्या एर्मूपोली बंदराच्या पायऱ्यापायऱ्यांवरून, दुधाळ, निळसर, समुद्रस्नात. खाली गलबतं, वर घुमट, मधे जुनं गाव, फिकट गुलाबी भिंतींचं, लोखंडी नक्षीच्या सज्जांचं. आणि काय सांगू, पायाखालचा रस्तासुद्धा संगमरवराचा!

त्या शुभ्र रस्त्याने शाल्मली नुसती पळत होती. जहाज दुरुस्तीला लागलेलं, ती त्यावरची थर्ड ऑफिसर, हाताशी दोनच तास. आज बाबांचं वर्षश्राद्ध. दापोलीला पान वाढायला कुणी नाही. ती एकुलती एक. बाबा गेले तेव्हाही ती भर समुद्रात. निदान आज एक घास तरी!

"अगो बाय, कावळा खंयसून हाडू?" मागे धापा टाकत दुर्वेश, जहाजावरचा मालवणी इंजिनिअर. "सगळे पांढरेधोप सीगल! बाबा गोंधळतील ना!"

ती हसली. हसता हसता डोळ्यांत अख्खं बंदर डुचमळलं.

निळ्या घुमटाच्या चर्चपाशी कृष्णवसना बायका उभ्या. एका म्हातारीने तिच्या ओंजळीत कागदी पुडी ठेवली: उकडलेले गहू, पिठीसाखर, बदाम, डाळिंबाचे माणिकदाणे. प्रसादच की! शाल्मलीने पुडी कपाळाला लावली.

"माझ्या नवऱ्याचे गहू," म्हातारी मोडक्या इंग्रजीत म्हणाली. "आज चाळीस दिवस झाले."

गेलेल्या माणसाचं अन्न! शाल्मली शहारली. तिने पुडी अलगद कठड्यावर ठेवली, उघडली, हात जोडले, चार पावलं मागे सरली. एखाद्या पाखराची वाट बघत राहिली.

म्हातारी तरातरा आली. "भिंतीला काय भरवतेस, पोरी? तू खा! माणसांनी खायचं, 'देव त्याला शांती देवो' म्हणायचं. तेव्हा पोचतं."

माणसांनी.

शाल्मलीने पुडी परत ओंजळीत घेतली, एक घास खाल्ला. दाणा दाणा चावला, म्हणायचं ते म्हटलं. मग म्हातारीकडे वळली, "माझे बाबा... आज वर्ष झालं."

"नाव?"

"वामन."

म्हातारीने शाल्मलीच्याच ओंजळीतली चिमूट उचलली, तोंडात टाकली. "वामन. देव त्याला शांती देवो." दुसरी आली. तिसरी आली. दुर्वेशनेही, मान खाली घालून, चार दाणे घेतले.

ओंजळ रिती होत गेली, ऊर भरत गेला. आणि दापोलीचा वामन, कधी न पाहिलेल्या तोंडांत, साखरेसारखा, सावकाश, विरघळत गेला, विरघळत गेला.