डावी बाजू

“माउस कुठंय?” नानांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

“माझ्या पर्समध्ये,” बेबी म्हणाली. “आणि पर्सला हात लावायचा नाही.”

बेबी त्यांची मुलगी. पस्तिशी ओलांडली, ऑफिसात प्रोग्रॅम लिहायची, तरी घरात अजून बेबीच. आज सुट्टी टाकून आली होती ती नानांच्या उजव्या मनगटासाठी. मनगटाला पट्टा होता. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, माउस बंद करा, नाहीतर काम बंद करावं लागेल.

नाना माहितीपुस्तिकांचं भाषांतर करत. पंप, मिक्सर, गिझर. खोक्यातून निघते आणि कुणी न वाचता ड्रॉवरमध्ये जाते ती पुस्तिका. बायको गेल्यापासून दिवस ढकलायला तेवढं एकच काम उरलं होतं. ते गेलं तर सकाळी उठून करायचं काय, हे नानांना ठाऊक नव्हतं. त्यात अलीकडे कंपनीकडून पुस्तिका परत येऊ लागल्या होत्या. ‘भाषा जड वाटते, कृपया पाहावे.’

“आता नीट बघा,” बेबी म्हणाली. “जुनं सगळं विसरायचं. या नव्या पद्धतीत विंडोवर विंडो चढत नाही. फरशीसारख्या शेजारी शेजारी बसतात. एक उघडली की सगळी स्क्रीन तिची. दुसरी उघडली की निम्मी निम्मी. इकडून तिकडे जायचं तेही कीबोर्डवरून.”

नानांनी मजकूर उघडला. मग शब्दकोश, मग मेल, कॅल्क्युलेटर, कॅलेंडर आणि घड्याळ.

“बेबी, अक्षरं मुंगीएवढी झाली.”

“होणारच! सगळा संसार मांडलात एका स्क्रीनवर. घड्याळ कशाला हवंय? भिंतीवर आहे की.”

“भिंतीवरचं तुझ्या आईनं पुढं करून ठेवलंय. मी ऑफिसला वेळेवर निघावं म्हणून.”

“रिटायर होऊन किती वर्षं झाली तुम्हाला?”

“पण तिनं मागं घ्यायला सांगितलं नव्हतं ना.”

बेबी हसली आणि नानांनी एकेक विंडो बंद करायला घेतली. घड्याळ गेलं, तसं कॅलेंडर पसरलं. कॅलेंडर गेलं, तसा कॅल्क्युलेटर. शेवटी डावीकडे शब्दकोश आणि उजवीकडे मजकूर उरला. नानांनी शब्दकोश बंद केला. मजकूर एका झटक्यात या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरला.

नानांचा हात थांबला.

“ही लगेच पसरते?”

“लगेच. जागा वाया जात नाही, तीच तर यातली गंमत आहे.”

“नको हे,” नाना म्हणाले. “जुनं होतं ते परत बसव.”

“अहो नाना, मनगटाचं काय?”

“असू दे मनगट.”

“असू दे काय? पेला उचलता येत नाही तुम्हाला! लहान मुलासारखा हट्ट कसला करताय?”

नानांनी कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. बेबीनं चरफडत मशीन बंद करून जुन्या पद्धतीनं चालू केलं. पडद्यावर नानांची रोजची मांडणी जशीच्या तशी आली. शब्दकोश मेलखाली, मेल मजकुराखाली, नुसते कोपरे बाहेर. प्रत्येक वेळी कोपरा धरून ओढल्याशिवाय काहीच हाती लागत नव्हतं. आणि हा सगळा ढीग उजव्या बाजूला. डावी अर्धी स्क्रीन रिकामी.

“एवढी जागा मोकळी सोडून इथं कोंबलंय सगळं? दिवसभर ओढाओढ केल्यावर मनगट जाणार नाही तर...”

पुढचं तिच्या तोंडातच राहिलं. टेबलाच्या डाव्या बाजूला त्याच मशीनला जोडलेला दुसरा कीबोर्ड होता, त्यावर धुतलेलं फडकं पसरलेलं. समोर आईची खुर्ची.

डावी बाजू आईची होती. नाना उजवीकडे लिहीत. चार ओळी झाल्या की आई त्या मोठ्यानं वाचे आणि डावीकडच्या आपल्या विंडोत शेरा टाइप करी. शेरा बहुतेक वेळा एकच असे. ‘कळलं नाही.’ नाना चिडत. “अगं, शाळा शिकलेल्या माणसाला कळेल!” आई म्हणे, “अहो, मिक्सर मी घेणार. मला कळलं पाहिजे.” मग नाना कुरकुरत वाक्य बदलत, आणि बदललेलं वाक्य दर वेळी बरं असे.

बेबीनं नाक पुसलं. मशीन पुन्हा नव्या पद्धतीनं सुरू केलं, खटाखट काही ओळी लिहिल्या. डाव्या अर्ध्या भागात एक कोरी विंडो उघडली.

“ही इथं राहील. मशीन चालू केलं की आपोआप उघडेल. तुमचं जे काय असेल ते उजवीकडच्या अर्ध्यात आपसात वाटून घेईल. हिच्या जागेत कुणी येणार नाही.”

“आणि माझ्याकडून चुकून बंद झाली तर?”

“तर परत उघडा. ती काय रुसून बसणार आहे?”

“ती बसायची,” नाना म्हणाले.

दोघंही हसले. मग बेबीनं चहा केला. माउस मात्र परत दिला नाही, पर्स काखोटीला मारून गेली.

दुपारी नाना पंपाच्या पुस्तिकेला बसले. हात अडखळत होते, दोनदा भलतंच काही उघडलं, पण मनगट दुखलं नाही. उजवीकडे त्यांनी लिहिलं : ‘जलपातळी निर्धारित मर्यादेहून न्यून असता संच कार्यान्वित करू नये.’

वाक्य मोठ्यानं वाचलं. डावीकडे काहीच उमटलं नाही.

मग त्यांनी बेबीनं शिकवलेली कळ दाबली. उजव्या विंडोची चौकट विझली, डावीची उजळली. नानांनी फडकं काढून घडी घातली, तो दुसरा कीबोर्ड पुढ्यात ओढला आणि एका बोटानं टाइप केलं.

‘कळलं नाही.’

“अगं, यात न कळण्यासारखं काय आहे?” नाना सवयीनं पुटपुटले. पुन्हा उजवीकडे गेले, वाक्य खोडलं आणि लिहिलं : ‘टाकीत पाणी कमी असेल तर पंप चालू करू नका.’

हेही मोठ्यानं वाचलं. बरं होतं.

तिचा कीबोर्ड त्यांनी होता तिथे सरकवून ठेवला. फडकं मात्र त्यावर परत टाकलं नाही.