दोन बिलं

आमची ताई गेली त्याला आता वर्ष होईल, तरी हॉटेलात कुणी मेनू कार्ड हातात दिलं की माझी नजर आधी आकड्यांवर जाते, पदार्थांवर नंतर. नवरा म्हणतो, "आली बघा हिच्या अंगात ताई." येऊ दे की! तिनं आम्हाला वाढवलं, शाळेत घातलं, आणि चारचौघांत मान खाली न घालता थोडक्या पैशांत कसं जेवायचं तेही तिनंच शिकवलं.

आई-बाबा पाठोपाठ गेले तेव्हा ताई नुकती शिवणकामाला लागली होती, मी शाळेत होते आणि बाळ्या तर शेंबडा. बाळ्या म्हणजे आमचा धाकटा भाऊ. आता त्याच्या मिशा पांढऱ्या व्हायला लागल्या, लिफ्टच्या कंपनीत मोठा मिस्त्री झाला, पण आम्हाला तो बाळ्याच. ताई शाळेचे गणवेश शिवायची. मोठी ऑर्डर पुरी झाली की आम्हाला हॉटेलात न्यायची, आणि तिथं तिचे कायदे चालायचे. उपाशी पोटी हॉटेलात पाय ठेवायचा नाही, निघण्याआधी घरी दोन घास खायचेच, नाहीतर माणूस डोळ्यांनी मागवतो आणि अर्धं टाकतो. वेटरनं पाण्याची बाटली फोडायच्या आत "साधं पाणी चालेल" म्हणायचं. एकदा फोडली की तोंड वाकडं करायचं नाही. उरलं तर बांधून मागायचं, पैसे मोजलेत, चोरी नाही केली. दुसरा कुणी खाऊ घालत असेल तर सगळ्यात स्वस्त मागवायचं नाही, कारण त्याला वाटतं आपण त्याला कंगाल समजतो. सगळ्यात महाग तर नाहीच नाही. खालून दुसरं मागवायचं. आणि वेटरच्या टिपेला कात्री लावायची नाही. "काटकसर आपल्या पोटाशी करावी, दुसऱ्याच्या नाही," असं ती म्हणायची. मी एकदा म्हटलं, "ताई, तू जेवायला आणलंस की परीक्षेला बसवलंस?" तर टेबलाखालून असा चिमटा काढला की बस.

एक कायदा मात्र तिनं कधी तोंडानं सांगितला नाही. घरच्यांचं बिल एकच असतं. तो मला कुठून कळला ते सांगते.

आई-बाबांच्या माघारी काका आम्हाला न्यायला आले होते. निदान आम्हाला तसं वाटलं. ताईनं कपड्यांचं बोचकं बांधून दाराशी ठेवलं होतं. काका म्हणाले, आधी जेवून घेऊ. हॉटेलात काकू होत्या, त्यांची मुलं होती, सगळे एका टेबलाला बसलो. बाळ्या जेवता जेवता ताईच्या मांडीवर झोपला. शेवटी वेटर आला तेव्हा काका त्याला म्हणाले, "या तिघांचं वेगळं करा." एवढंच. पुढं काही बोलायची त्यांना गरजच पडली नाही. ताईनं आपल्या मजुरीतून ते बिल भरलं, बाळ्याला खांद्यावर टाकलं आणि घरी येऊन बोचकं सोडलं. काकांचं घर आपलं नाही हे मला त्या दिवशी कळलं. बाळ्याला यातलं काहीच आठवत नाही, आणि ताईनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

तर आता मूळ गोष्टीवर येते. ताईचे डोळे अधू झाले. सुईत दोरा ओवता येईना, काम तुटलं, आणि त्यातच घरमालकानं खोली सोडायला सांगितली. दुष्काळात तेरावा महिना, दुसरं काय! मी तिला माझ्याकडे नेली असती, पण आमची एकच खोली. नवरा, सासूबाई, अंथरुणाला खिळलेले सासरे आणि मी. आमच्याकडे कूस बदलायची तर आधी विचारावं लागतं. बाळ्यानं मात्र नुकतंच मोठं घर घेतलं होतं. आणि त्यानं आम्हा दोघी बहिणींना सुट्टीच्या दिवशी दुपारी जेवायला बोलावलं, तेही पायाखाली गालिचे असलेल्या हॉटेलात.

त्या सकाळी ताई माझ्या पार्लरमध्ये आली, केस विंचरून घ्यायला. ठेवणीतले कपडे घातले होते. आरशासमोर बसली आणि म्हणाली, "मिरचे, आज बाळ्या विचारणार बघ, माझ्याकडे राहायला ये म्हणून." माझ्या जिभेपायी ती मला मिरचीच म्हणायची.

"मग तूच विचार की! आपलाच भाऊ आहे, कुणी परका आहे का?"

"मी नाही विचारणार. त्याला वाढवलं आणि आता जागा मागायची, म्हणजे उपकाराची वसुलीच झाली. त्यानं बोलावलं तर एका पायावर जाईन. नाहीतर एका गिऱ्हाईक बाईंच्या ओळखीनं वृद्धाश्रमात नाव घालून ठेवलंय." मग स्वतःशीच हसली. "पण बोलावेल गं. उगाच का एवढ्या महागाच्या हॉटेलात नेतोय?"

मी तिला बारीक वेणी घालून दिली. तिची मान इतकी बारीक झालेली मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

हॉटेलाच्या दाराशी बाळ्या आणि भावजय आमची वाट बघत होते. तिथंच बाळ्या वेटरला बाजूला घेऊन काहीतरी कुजबुजला. मला वाटलं, खिडकीजवळचं टेबल मागतोय. बसलो. ताईनं कार्ड डोळ्यांशी नेलं, मला आकडे वाचायला लावले, आणि बरोबर खालून दुसरं मागवलं. वेटर बाटली फोडणार तोच ताई आणि बाळ्या एका सुरात म्हणाले, "साधं पाणी चालेल." आमची भावजय खो खो हसली. "यांना बाटलीतलं पाणी कोण पाजणार, या दोघांना तर साधंच लागतं," असं काहीतरी बोलली, आणि आम्हीही हसलो. खरं सांगते, बऱ्याच दिवसांनी आम्ही तिघं असे हसलो होतो. भावजय ताईला सारखा आग्रह करत होती, हे घ्या, ते घ्या. ताई म्हणाली, "पोट भरलं गं बाई." ते खोटं नव्हतं, घरून खाऊनच आली होती.

जेवण संपत आलं तेव्हा बाळ्या म्हणाला, "ताई, हात धुऊन येतो. मग तुझ्याशी एक बोलायचंय." टेबलाखाली ताईनं माझा हात घट्ट धरला. बाळ्या हात धुवायला गेला आणि भावजय उरलेलं बांधून घ्यायला काउंटरवर गेली.

तेवढ्यात वेटर आला. त्यानं टेबलावर बिलांची दोन पाकिटं ठेवली. "हे साहेबांचं, आणि हे तुमचं दोघींचं. साहेबांनी आल्या आल्याच सांगितलं होतं, वेगळी करा म्हणून."

ताईला नीट दिसत नव्हतं. तिनं बोटांनी चाचपलं. "मिरचे, दोन आहेत का गं?"

"दोन आहेत," मी म्हटलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठणारच होते, त्या मेल्याला तिथंच सगळ्यांसमोर झाडणार होते, पण ताईनं पायावर पाय दाबला. तिचा चेहरा अगदी शांत होता, काकांच्या वेळी होता तसाच. "किती झालं?" तिनं विचारलं. मी रागारागानं शेवटचा आकडा वाचून दाखवला. "वाटलं होतं त्यापेक्षा कमीच आलं," ती म्हणाली, आणि पर्समधून पैसे काढले. टीपसुद्धा ठेवली.

बाळ्या परत आला तोवर वेटर पैसे घेऊन गेला होता. "ताई, हे काय केलंस? तू का भरलंस?"

"माझं मी भरलं रे. त्यात काय एवढं?"

"मी तुला जेवायला बोलावलं होतं ताई."

"जेवले की छान." मग त्यानं काही म्हणायच्या आतच तिनं सांगून टाकलं, "आणि हे बघ, माझी काळजी करू नका. वृद्धाश्रमात माझी सोय झालीय. या महिन्यातच जाते."

बाळ्या उभाच राहिला. भावजय अन्नाची पिशवी घेऊन आली तीही तशीच उभी. मग तो म्हणाला, "तुला तिथं बरं वाटेल का?"

"न वाटायला काय झालं?"

"तू काय बोलणार होतास रे?" मी मुद्दाम विचारलं, जरा तिखटच.

"काही नाही अक्का," तो म्हणाला. "राहू दे आता."

झालं. ताई आश्रमात गेली. तिथं शिवणाचं मशीन ठेवू देत नव्हते, तर बाळ्या म्हणाला, मशीन मी नेतो. मी तोंडावर म्हटलं, "वा! माणूस नको, मशीन हवंय." त्यानं मशीन पाठीवर घेतलं आणि जिना उतरून गेला. त्यानंतर मी त्याच्याशी बोलणं टाकलं. ताईला भेटायला जायचे तेव्हा ती माझ्याकडे त्याची चौकशी करायची, आणि मी विषय बदलायचे. तिथं तिला दोन वेळचं खायला मिळत होतं, औषध मिळत होतं. पण बोलायला कुणी नव्हतं आणि करायला काही नव्हतं. आयुष्यभर ज्या हातांनी काम केलं ते हात मांडीवर ठेवून ती खिडकीशी बसलेली असायची. मला ते बघवायचं नाही.

हिवाळ्यात तिच्या छातीच्या दुखण्यानं उचल खाल्ली. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, फार दिवस नाहीत, घरच्यांना बोलावून घ्या, आणि आता यांना कुठं हलवू नका. म्हणून मी नाइलाजानं बाळ्याच्या घरी गेले. नव्या घरात पहिल्यांदाच पाऊल ठेवत होते.

भावजयीनं आत नेलं. जाता जाता एका खोलीचं दार उघडं दिसलं. आत ताईचं मशीन. पुसून लख्ख केलेलं. त्याच्यावर लांब दांड्याचा एक दिवा, पाहिजे तसा वाकवता येणारा. कॉट ठेंगणी, पाय सहज टेकावे अशी. न्हाणीघरापर्यंत भिंतीला धरायला दांडा बसवलेला, लिफ्टमध्ये असतो तसा.

"ही कुणाची खोली?" मी विचारलं.

"ताईंचीच," भावजय म्हणाली. "त्या दिवशी जेवण झालं की त्यांना इकडंच आणायचं होतं. यांनी सुट्टी काढून स्वतःच्या हातानं केलं सगळं. मला म्हणाले, आधी सांगू नको, दाखवूनच चकित करू."

माझं डोकं फिरलं. बाळ्या समोरच उभा होता. मी ओरडले, "मग मेल्या, दोन बिलं कशाला करायला सांगितलीस?"

"कूपनं होती अक्का, एक जेवण फुकट असलेली. कंपनीनं दोन दिली होती. एका बिलावर एकच चालतं, म्हणून दोन करून घेतली. दोन्ही माझ्याच खिशातून जायची होती." मग हळूच म्हणाला, "पण ताईनं पैसे का भरले गं? मला वाटलं, जी माझ्या हातचं एक जेवण घेत नाही ती माझ्या घरात काय राहणार?"

मी त्याला काकांची गोष्ट सांगितली. तो भिंतीच्या त्या दांड्याला धरून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. मीही रडले. कुणावर रागवावं तेच कळेना मला. त्याच्यावर? त्यानं तर ताईनं शिकवलं तेच केलं होतं.

तसेच आश्रमात गेलो. ताई उशांना टेकून पडली होती, श्वास जड चालला होता, पण जागी होती. बाळ्या कॉटशी उकिडवा बसला. मीच भडाभडा सगळं सांगून टाकलं. कूपन, दोन बिलं, खोली, सगळं.

मग तिनं बाळ्याकडे मान वळवली. "म्हणजे त्या दिवशी मला घरी नेणार होतास?"

"हो ताई. मशीनवर दिवा लावलाय."

"कुठल्या बाजूनं?"

"डावीकडून. उजव्या हाताची सावली कापडावर पडू नये म्हणून."

"बरोबर," ती म्हणाली. थोडा दम खाल्ला. "आणि दोन बिलं केल्यानं किती वाचले?"

बाळ्यानं डोळे पुसले. "एका माणसाचं जेवण, ताई."

ताई हसली. चाचपत तिनं हात त्याच्या डोक्यावर ठेवला. "शिकलास हो," ती म्हणाली. "मग मला आधी सांगायचंस की रे वेड्या. मी घरून खाऊन आले होते."