दोरी धरणारा

आमच्या हॉस्टेलच्या संडासाचा दरवाजा सरजाबाई मावशी आत असताना पडला. असं काही झालेलं नाही. पाहिजे तर आम्ही सगळी पोरं शपथेवर सांगू.

आम्ही लातुरात मेडिकलची तयारी करून राहिलो. हॉस्टेल गुरुपादप्पा सरांचं, इंग्रजीचा क्लासही त्यांचाच. दोन संडासांपैकी एकात सरांची सिमेंटची पोती राहतात. दुसऱ्याचा दरवाजा बिजागऱ्या सडल्यामुळं एका सुतळीवर अडकवलेला. एकानं आत बसायचं, एकानं बाहेर सुतळी धरायची. ती कायम ओली आणि चिकट. कशानं, हे बायोलॉजीवाल्या पोरांनीही विचारायचं सोडलं.

"हमज्या, रविवारी माय येऊन राहिली नायगावहून," आनंदराज मला म्हणाला. "त्याच्या आत दार झालं पाहिजे. लई वंगाळ दिसतं ते."

सर तक्रार फक्त इंग्रजीत घेतात. मराठीत केली की तिला ते कटकट म्हणतात. मी लिहिलं, 'द डोअर इज हँगिंग बाय अ थ्रेड.'

सर खूश झाले. "क्या बात! हा फ्रेज कुठं शिकलास?"

"संडासात, सर."

दुसऱ्या दिवशी फ्रेज फळ्यावर. अर्थ : अत्यंत अस्थिर, असुरक्षित परिस्थिती. सगळ्यांनी एकेक वाक्य करायचं. कुणी सरकार टांगलं, कुणी पेशंट. आनंदराज उठला, "सर, रविवारी माझ्या मायची इज्जत..."

"इंग्लिश! इंग्लिश!"

त्यानं बिचाऱ्यानं मायची इज्जत इंग्रजीत टांगली.

"एक्सलंट," सर म्हणाले. "फक्त टेन्स बघ."

रविवारी आनंदराजची माय, सरजाबाई मावशी, धपाटे घेऊन आल्या. एस्टीत तास न् तास बसून आलेल्या. पोराच्या कानात काहीतरी बोलल्या. आनंदराजनं कुणाला हात लावू दिला नाही, सुतळी स्वतः धरली, तोंड फिरवून. आणि ती तुटली.

रांगेतली सगळी पोरं बादल्यांसकट भिंतीकडं वळली. त्या भिंतीवर काय काय आहे ते लिहवत नाही, पण आम्ही तिला नाक लावून उभे राहिलो. मागं पाण्याचा आवाज, मग पदर झटकल्याचा.

"काही झालं न्हाई, बाबांनो," मावशी म्हणाल्या. "हात धुवा. जेवून घ्या."

म्हणून काही झालेलं नाही.

आनंदराज हात धुतच राहिला. धपाट्याला त्यानं बोट लावलं नाही.

सरांनी येऊन पडलेला दरवाजा चौकटीला टेकवला. म्हणाले, "आता थ्रेडच राहिला नाही, म्हणजे फ्रेज लागू होत नाही. तक्रार निकाली."

इंग्रजी संपल्यामुळं मी पुढचा अर्ज मराठीत दिला :

'मा. संचालक महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय विनंती की, आपण पुढील रविवारी गर्दीच्या वेळी सदर ठिकाणी स्वतः आत बसण्याची कृपा करावी. दोरी धरण्यास आनंदराज तयार आहे.'