काळा ग्रॅनाइट

दगड कापायच्या त्या कारखान्यात सगळे तिला वहिनीच म्हणत. नात्याने ती मालकाची, म्हणजे आपल्या धाकट्या दिराचीच वहिनी होती. भूशास्त्राची पदवी घेऊन ती इथे आली आणि गेली बारा वर्षं पॉलिशच्या यंत्रावर उभी होती.

त्या सकाळी वाचनालयाच्या जिन्यावर, भिंतीतल्या लोखंडी ब्रॅकेटांच्या आधाराने बसवायची लांबलचक फरशी ट्रकवर चढायची होती. इंजिनिअरने ग्रॅनाइट ठरवला होता आणि कागदावरही तेच लिहिलं होतं. दिराने मात्र "जास्त उठून दिसेल" म्हणून काळा दगड कापून घेतला होता.

वहिनीने फरशीवरून हात फिरवला. "भाऊजी, हा ग्रॅनाइट नाही. गॅब्रो आहे."

"बाजारात याला काळा ग्रॅनाइटच म्हणतात."

"बाजार काही का म्हणेना! दोन्ही जमिनीच्या पोटात खोलवर, सावकाश थंड झाले, म्हणून दोघांचेही कण नुसत्या डोळ्यांना दिसतात. पण ग्रॅनाइटमध्ये काचेसारखी गारगोटी असते, ह्याच्यात नावालाही नाही. ह्यात लोह जास्त. म्हणून काळा, आणि म्हणून जड."

"दगड तो दगड, वहिनी! ट्रकवाला खोळंबलाय."

वहिनीने वाद घातला नाही. कापणीतून उरलेले दोन्ही दगडांचे तुकडे तिने एकाच मापात कापले आणि काट्यावर ठेवले. ग्रॅनाइट दोन किलो भरला. काळा सव्वादोनच्या थोडा वर गेला.

"ह्या हिशेबाने आठशे किलोची फरशी नऊशेवर जाते. आणि त्या जिन्याखाली मुलं वाचत बसतात."

"इंजिनिअरने काहीतरी जास्तीचं धरलेलंच असेल की."

"धरलं असेल तर तेच सांगतील. विचारा."

"अहो, आज बसवायचा शब्द दिलाय मी!"

वहिनीने क्रेनची चावी काढून ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. "विचारल्याशिवाय ही सुटणार नाही. मग मला कामावरून काढा, नाहीतर घरी जाऊन ह्यांच्याकडे माझ्या कागाळ्या करा."

दिराचा चेहरा लाल झाला. कामगार उगाच हातमोजे झटकू लागले. शेवटी त्याने फोन लावला. पलीकडून इंजिनिअर आधी वैतागले, मग वजन पुन्हा विचारून म्हणाले, "जुन्या भिंतीत ब्रॅकेट जेमतेम बसवलेत. फरशी हलवू नका. मी येतो."

त्यांनी येऊन तुकडे स्वतः तोलले आणि कपाळाला हात लावला. भिंतीत आणखी तीन ब्रॅकेट बसवावे लागले. काम सहा दिवस लांबलं. वाचनालयवाल्यांची बोलणी दिराने एकट्याने खाल्ली आणि ते सहा दिवस तो वहिनीशी कामापुरतंही बोलला नाही.

सातव्या दिवशी फरशी बसली. वहिनी जिन्याखाली उभी राहून वर बघत होती. दीर शेजारी येऊन उभा राहिला.

"नवीन माल आलाय," तो वर बघतच म्हणाला. "त्याच्यावर काय लिहायचं ते तुम्हीच ठरवा. मी बाजाराचं नाव लिहून मोकळा होईन."

"खडू आणा," वहिनी म्हणाली आणि चालू लागली.