काटा सत्तरावर अडला

मी तुमसरच्या ताराचंद मिस्त्रींच्या गॅरेजमधला एक जुना कॉम्प्रेशन गेज आहे. नाव जरा अवघड आहे, म्हणून इथे सगळे मला नुसते मीटर म्हणतात. एक गोल तबकडी, एक काटा आणि खाली रबरी नळी, एवढाच माझा संसार. पेट्रोल गाडीचा प्लग काढून त्या भोकात माझी नळी बसवतात आणि स्टार्टर मारतात. आतली हवा किती जोराने दाबली जाते ते माझा काटा दाखवतो. त्यावरून इंजिनात दम आहे की नाही ते कळते. कोणाला आवडो न आवडो, मी खरे तेच सांगतो, आणि त्याचा मला थोडा गर्वही आहे.

मित्रांनो, ताराचंदांनी मला नागपूरहून आणले तेव्हा माझा थाट पाहायला हवा होता. निकालाच्या दिवशी मुले गुणपत्रिकेकडे पाहतात, तसे गाडीवाले माझ्या काट्याकडे पाहत. पुढे नव्या गाड्या आल्या, त्यांना तपासायला कॉम्प्युटर आला आणि माझी रवानगी पान्यांच्या डब्यात झाली. काचेवर ग्रीस साचले. खोटे कशाला बोलू, मला फार वाईट वाटे.

गेल्या दिवाळीनंतर बपेऱ्याचे पुंडलिकराव आपली बावीस वर्षांची गाडी घेऊन आले. सोबत पत्नी धुरपताबाई होत्या. गाडी ओढत नव्हती. इंजिनच गेले असेल तर गाडी भंगारात द्यायची, असे पुंडलिकराव घरूनच ठरवून आले होते. पण कमरेच्या ऑपरेशननंतर धुरपताबाईंना मोटारसायकलवर बसता येत नव्हते. गाडी गेली की त्यांचे जाणे-येणेच संपणार होते.

ताराचंदांनी मला बाहेर काढून पुसले. चारही प्लग काढले आणि पुंडलिकरावांना सांगितले, अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि चावी फिरवा. तो दाबला की इंजिनाला पोटभर हवा मिळते. स्टार्टर घरघरला. माझा काटा दीडशेच्या वर जायला हवा होता. तो सत्तरावर अडला. दुसऱ्या भोकात सत्तर, तिसऱ्यात अडुसष्ट, चौथ्यात पुन्हा सत्तर.

"पुंडलिकभाऊ, इंजिनात दम नाही राह्यला आता," ताराचंद बॉनेटखालूनच म्हणाले.

धुरपताबाईंनी डोळ्यांना पदर लावला. मला तोंड लपवावेसे वाटले. पण चारही सिलिंडर इतके सारखे कसे थकतील? ताराचंदांनाही ते खटकले असावे. त्यांनी मला पुन्हा पहिल्या भोकात बसवले आणि चावी फिरवायला सांगितली. शेजारच्या सीटवर बसलेल्या धुरपताबाईंची नजर या वेळी नवऱ्याच्या पायाकडे गेली.

"पूरा कुठं दाबला जी? तुमचा त नुसता आंगठा टेकला हाये."

पुंडलिकराव ओशाळले. गाडीत बसताना ते चप्पल बाहेर काढत. दर दसऱ्याला गाडीला हळदकुंकू वाहत. बावीस वर्षे त्यांनी पाय असाच अलगद ठेवला होता, आणि त्यालाच ते दाबणे समजत होते.

"घरच्या लक्ष्मीवर पाय कसा रेटू मी?" ते म्हणाले.

धुरपताबाईंनी त्यांना सरळ उठवले. कंबर सांभाळत त्या जागी बसल्या, स्टिअरिंगला हात लावून नमस्कार केला आणि अ‍ॅक्सिलरेटर पार तळाला नेला. माझा काटा उसळ्या मारत एकशे साठवर गेला. बाकीचे तिन्ही सिलिंडरही दीडशेच्या वरच निघाले. ताराचंद हसत सुटले, धुरपताबाई हसता हसता रडल्या, आणि माझाही जीव भांड्यात पडला.

दोष निघाला क्लचमध्ये. त्याच्यावरही पुंडलिकरावांचा पाय सदा अलगद टेकलेला असायचा, त्याने प्लेट झिजली होती. ती बदलली आणि त्याच आठवड्यात धुरपताबाई गाडीत बसून नाकाडोंगरीला बहिणीकडे राहून आल्या. मी आता डब्यात नसतो, भिंतीवरच्या खिळ्याला असतो.

मित्रांनो, त्या दिवशी माझा काटा दोन्ही वेळा खरेच बोलला होता. म्हणून एक विनवणी करतो. कोणत्याही जुन्या गाडीला, थकल्या माणसाला किंवा वर्गातल्या मागे पडलेल्या सोबत्याला नापास करण्याआधी, त्याला पोटभर श्वास घेऊ दिला होता का, एवढे मात्र पाहून घ्या.