वाल्मिकभाऊंनी सोडलेलं खातं

सीमेवर लढाई पेटली त्या सकाळी वाल्मिकभाऊ आपल्या गावी, सापगावात, पुतणीच्या हळदीला आले होते. केंद्रात ते अन्नपुरवठा खात्याचे राज्यमंत्री. खात्याचे कॅबिनेट मंत्री दुसरेच. भाऊंच्या वाट्याला उद्घाटनं, सभा आणि संसदेतली उत्तरं. पण कॅबिनेट मंत्री आजारी पडून इस्पितळात होते, त्यामुळे सगळं खातं अचानक भाऊंच्या अंगावर आलं. हाताची हळद न धुताच ते विमानतळाकडे निघाले.

दिल्लीत बैठकांवर बैठका चालल्या होत्या. उत्तरेकडच्या मालगाड्या आता सैन्याला लागणार, असं पहिल्याच बैठकीत ठरलं. पंतप्रधानांनी भाऊंकडे वळून विचारलं, "मग डोंगराळ राज्यांत धान्य कसं पोचवणार?"

"बघतो, साहेब."

पुढचा विषय निघाला. पण त्या दिवसापासून भाऊंना घास उतरेना. बायकोशी, सरिताशी, फोनवर बोलताना ते म्हणाले, "मला झेपत नाय गो हे. आन् सोडू तरी कसा? लढाई लागली नि वाल्मिक पळाला, असंच म्हणतील."

आठवडा सरायच्या आत पंतप्रधानांनी त्यांना एकट्याला बोलावलं. विरोधकांना बरोबर घेऊन सर्वपक्षीय सरकार करायचं ठरलं होतं. लढाईचे निर्णय मोजके मंत्री घेणार होते. अन्नपुरवठा आणि मालवाहतूक एकाच मंत्र्याकडे जाणार होती, आणि तो मंत्री विरोधी पक्षाचा असणार होता.

"तुम्हाला जागा सोडावी लागेल," पंतप्रधान म्हणाले. "तुमची चूक म्हणून नव्हे."

भाऊंच्या छातीवरचा धोंडा कुणी उचलावा तसं त्यांना झालं. चेहऱ्यावर ते दिसू नये म्हणून त्यांनी मान खाली घातली. "कोण येणार?"

"जयश्रीताई. तुमच्याच मतदारसंघातल्या, मुरबाडच्या. त्यांचा पक्ष तयार आहे, त्याच नाही म्हणतायत. तुम्ही एकदा बोलून बघाल?"

जयश्रीताई राज्यसभेत विरोधी बाकावर बसत. महापुराच्या वर्षी त्या राज्य सरकारमध्ये पुरवठामंत्री होत्या. होडी, ट्रॅक्टर, एसटी, जे मिळेल त्यातून त्यांनी गावोगाव धान्य पोचवलं होतं. पुढे लोकसभेला भाऊंविरुद्ध उभ्या राहिल्या आणि हरल्या. त्या निवडणुकीत इतकं काय काय बोललं गेलं की मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतही दोघं एकमेकांना टाळून जात.

भाऊ मुरबाडला पोचले तेव्हा ताई अंगणात वाल वाळत घालत होत्या. भाऊंना पाहून त्या उठल्या. पाणी आणून दिलं, पण बसा म्हणाल्या नाहीत.

"पंतप्रधानांनी पाठवला ना तुमाला?"

"हो. पन मी माझ्या मनानं पन आलोय."

"मग ऐका. मला नको ते खातं. लढाईचा मोका साधला आन् वाल्मिकभाऊंची खुर्ची वडली, असं अख्खा तालुका बोलंल. हरलेली बाई मागच्या दारानं आली, म्हनतील."

"लोकांना मी सांगीन. शहापूरच्या नाक्यावर उभा राहून सांगीन."

"तुमाला कमीपना नाय वाटत?"

भाऊ ओट्यावर बसले. मग म्हणाले, "ताई, मला त्यांनी इचारलं, डोंगरात धान्य कसं नेनार. मी म्हनलं, बघतो. तिकडं मानसं तांदळाची वाट बघतायत, आन् मी म्हनतो, बघतो! मला सभा जिकता येते. हे येत नाय. तुमाला येतं. तुमी नाय आलात तर माझ्यासारखाच कुनीतरी बसंल तिथं."

ताईंनी वालाची मूठ सुपात टाकली. मग विचारलं, "डोंगराच्या खालची गोदामं भरलीत?"

"भरलीत."

"सैन्याचे ट्रक वर भरून जातात. खाली येताना?"

"रिकामेच येत असतील."

"मग आजारी मानसं, म्हातारी, पोरं त्यातनं खाली आना. वर खानारी तोंडं कमी होतील. आन् खाजगी ट्रकवाल्यांना कुनी बोलावलं का?"

"नाय."

"काय करत होता मग आठवडाभर?" ताई कडाडल्या. भाऊंना हसू आलं. त्यांना हसताना पाहून ताईही ओशाळून हसल्या. "बसा. च्या टाकते. पन एक सांगते. शपथविधीला तुमी पहिल्या रांगेत बसायचा. आन् हितल्या व्यापाऱ्यांनी साठा दाबला, तर त्यांच्याशी तुमी बोलायचा. बोलन्यात तुमचा हात कुनी धरनार नाय."

भाऊ शपथविधीला पहिल्या रांगेत बसले. ताईंनी शपथ घेतली तेव्हा कॅमेरा भाऊंवर आला. पडलेला चेहरा टिपायचा असावा. पण भाऊ मनापासून टाळ्या वाजवत होते.

सापगावला परतले तर कार्यकर्ते ओटीवर तोंडं पाडून बसलेले. "भाऊ, अन्याय झाला," एक जण म्हणाला.

"कसला अन्याय? ज्याला वाट म्हाईत त्यानंच गाडी हाकावी," भाऊ म्हणाले. "उद्या शहापूरच्या बाजारात जायचंय. व्यापाऱ्यांना हात जोडायचेत. चला माझ्यासंगं."

आत जाऊन त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या, तिसरी मागितली. तव्यावर भाकरी टाकताना सरिताने पदराने डोळे पुसले.

पुढचा आठवडाभर भाऊ शहापूर-मुरबाडच्या दुकानांतून हिंडले. तांदळाचा भाव चढला नाही. लढाई अजून चालूच होती. बातम्यांकडे सगळ्यांचे कान असत. एका दुपारी ते म्हशाच्या रस्त्याला असताना ताईंचा फोन आला. आवाज बसलेला, पण त्यात हुरूप होता.

"भाऊ, पोचले ट्रक. शेवटच्या गावापत्तर पोचले."

"सगळे?"

"सगळे."

भाऊंनी ड्रायव्हरला गाडी बाजूला घ्यायला सांगितली. खाली उतरून ते बांधावर बसले. समोर वालाच्या शेतात बाया शेंगा तोडत होत्या. कुठलं एवढं वाईट ऐकलं म्हणून मंत्रीसाहेब असे बसलेत, असं वाटून त्यातली एक धावत आली.

"वाईट नाय गो बाय," डोळे पुसत भाऊ म्हणाले. "आन् मी आता मंत्रीबी नाय."