उंडिणीखालचा राखणदार

मांडवीत, बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्यामागे दीडेक गुंठ्याचा तुकडा होता. कुणाचा, ते कुणालाच धड ठाऊक नव्हतं. त्यावर एक जुनी उंडीण, आणि तिच्या सावलीत साऱ्या आळीचा कचरा.

कमळाताईंचं त्या जागेवाचून काही अडलं नव्हतं. अडलं होतं येसूबाईचं. डोक्यावर मासळीची टोपली घेऊन ती दारोदार फिरायची. गुडघे गेलेले. दुपारी वाईच टेकायला तिला सगळ्या मांडवीत गटाराचा कठडा तेवढा होता.

"वयनी, तुमच्या ओटीवर बसू काय, टोपलीसकट?" ती हसत विचारायची.

ओटीच्या आत देवघर. कमळाताई नुसत्या हसायच्या. मग संध्याकाळी पोथी उघडली की तेच हसणं टोचत राहायचं.

म्हणून चैत्रात त्यांनी नेम धरला. अंघोळ झाली की तोंडात पाणी घालायच्या आधी ती जागा झाडायची. पंधरा दिवस आळी हसली, मग चार बायका येऊन मिळाल्या. पडक्या गडग्याचे चिरे रचून बाक झाला. येसूबाई त्यावर पाय पसरून बसली नि म्हणाली, "आता मेल्ये तरी हितंच मरन. गटारावर नको."

पण सकाळी झाडावं नि संध्याकाळी पिशव्या पडाव्यात. ग्रुपवर फोटो टाकले, पाटी लावली, तर पिशव्या पाटीखालीच. शेवटी कमळाताईंना जे सुचलं ते कोकणात कुणालाही सुचलं असतं. समुद्राकाठच्या पुळणीवरचा एक गुळगुळीत धोंडा पदरात गुंडाळून आणला, उंडिणीच्या मुळाशी ठेवून शेंदूर लावला, आणि आळीत सांगितलं, "तिथे राखणदार आहे हो. जपून."

देवाच्या नावानं त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या. दुसऱ्या दिवशी निर्जळी उपास केला. तेवढ्यानं भागेल असं त्यांना वाटलं.

कचरा मात्र त्याच दिवशी थांबला.

मग नारळ येऊ लागले, नवस येऊ लागले. आळीतल्या भागोजीचा मुलगा जहाजावर होता. तो वादळातून सुखरूप परतला नि भागोजीनं राखणदाराला गाऱ्हाणं घालून समितीच नेमली. नवरात्रापर्यंत छप्पर झालं, लाद्या झाल्या, लोखंडी दार झालं. बाकाचे चिरे चौथऱ्यात गेले. दारावर पाटी आली: मासळी घेऊन आत येऊ नये.

कमळाताई भागोजीकडे गेल्या. "ती जागा बसायला केली होती रे. येसूबाईसाठी."

"राखणदाराच्या दारात मासळीची टोपली? ताई, एवढे उपासतापास तुमचे, नि तुम्ही हे बोलताय?"

"तो धोंडा मीच आणलाय, भागोजी. पुळणीवरून."

"तुम्ही कसल्या आणताय! त्यानं आणवून घेतलान." मग त्याचा आवाज उतरला. "बावीस दिवस पोराचा फोन नव्हता. तेव्हा मी त्या धोंड्यापाशी रडलोय. परत असं बोलू नका, ताई. बाधेल तुम्हाला."

'त्यात काही नाही' हे शब्द कमळाताईंच्या ओठांवर आले होते. पण रोज झाडून झाल्यावर त्याही तिथे हात जोडत होत्या, आणि कधीपासून ते खरेच जोडले जात होते, हे त्यांनाही कळलं नव्हतं. त्या परत आल्या.

नेम त्यांनी मोडला नाही. दाराला कुलूप असतं, म्हणून बाहेरचं झाडतात. आळीच्या पिशव्या आता गटाराच्या कठड्यावर पडतात. परवा कमळाताई झाडत असताना येसूबाई त्या पिशव्या पायानं सारून बसायला जागा करत होती.

"तुमचा देव जबर हो वयनी," ती म्हणाली. "मला उठवलान."

"ओटीवर ये…" कमळाताईंच्या तोंडून निघालं.

येसूबाईनं त्यांच्या ओल्या केसांकडे पाहिलं. "ऱ्हावं दे. परत न्हावं लागंल तुम्हाला."

कमळाताईंनी आग्रह केला नाही.